पावडरीतून ब्राँझ बुश: या खात्यात नव्याने लागणाऱ्यांसाठी

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडची डिप्लोमा आणि आयटीआयची मुलं पुण्याकडच्या सिंटरिंगच्या (दाबलेली पावडर न वितळवता भट्टीत तापवून एकजीव करण्याच्या) कारखान्यांत लागतात, तेव्हा पावडर मेटलर्जीचं, म्हणजे धातूच्या पावडरीपासून वस्तू करण्याच्या तंत्राचं, एखादं प्रकरणच वाचलेलं असतं. वरणगावच्या आयुध निर्माणीमुळे आपल्याकडे बंदुकीच्या गोळ्यांचं कुतूहल जास्त. तांबं-कथलाची पावडर दाबून, कठीण जागी आपटताच चुरा होणारी गोळीही करतात. पण ते परवान्याखालचं काम. हात बसवायचा तर तेल धरणाऱ्या बुशवर, म्हणजे फिरता शाफ्ट पेलणाऱ्या सच्छिद्र नळीवर. टेबल फॅन आणि मिक्सरच्या मोटरीत हाच बुश असतो.

वजनाने ९० भाग तांबं, १० भाग कथील आणि वर अर्धा ते पाऊण टक्का झिंक स्टिअरेट (दाबताना घर्षण कमी करणारं वंगण). मिक्सरमध्ये वीस-तीस मिनिटं पुरतात. तयार माल ड्रममध्ये हादरे खात लांब नेऊ नका. कणांचा आकार आणि वजन वेगळं असल्याने कथील वेगळं पडतं, मग एकाच लॉटचे बुश वेगवेगळे फुगतात.

प्रेसवर जाण्याआधी पावडर नरसाळ्यातून सोडून बघा: ५० ग्रॅम पावडर, अडीच मिलिमीटरचं भोक, हातात स्टॉपवॉच. पावसाळ्यात दमट पावडर अडकते, डाय (ज्यात पावडर दाबतात तो साचा) अर्धवट भरते आणि पीस हलका येतो. अशा वेळी प्रेसचं टनेज (दाब) वाढवणं ही नवख्यांची नेहमीची चूक. आधी भरण, म्हणजे डायमधल्या सैल पावडरीची उंची, तपासा. सैल पावडरीची घनता २.८ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आणि दाबलेल्या पीसची ६.२ हवी असेल, तर २० मिलिमीटर लांबीच्या बुशला साधारण ४४ मिलिमीटर भरण लागतं.

दाब एकाच बाजूने दिला तर दूरचं टोक पोकळ राहतं. लांब, पातळ भिंतीच्या बुशला म्हणूनच वरून-खालून दाब हवा. पीस डायबाहेर येताना आडवी चीर पडली, तर अडकलेली हवा, अतिदाब किंवा डायच्या तोंडाचा घासलेला उतार, या क्रमाने शोधा.

सर्वात जास्त लक्ष भट्टीला द्या. पहिल्या भागात ४०० ते ५५० अंशांत स्टिअरेट सावकाश जळून जाऊ द्यावं; घाई केली की फोड येतात आणि काजळी धरते. कथील २३२ अंशालाच वितळतं आणि तांब्यात शिरतं. त्याच्या जागी पोकळी राहते, म्हणून बुश आधी फुगतो. पुढे ८०० ते ८४० अंशांत काही मिनिटं राहिला की आक्रसू लागतो. माप मोठं आलं तर तापमान किंवा वेळ कमी पडला. लहान आलं तर जास्त झाला. पीस भट्टीतून नेणाऱ्या पट्ट्याचा वेग बदलून दोन्ही सावरता येतं, पण एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कारण हाती लागत नाही.

भट्टीत बहुधा फोडलेला (हायड्रोजन आणि नायट्रोजन वेगळे केलेला) अमोनिया असतो, म्हणजे ७५ टक्के हायड्रोजन. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन म्हणजे स्फोटक मिश्रण. म्हणून थंड भट्टीत हा वायू कधीही सोडायचा नाही; आधी नायट्रोजनने हवा बाहेर काढायची. तोंडाशी पेटती ज्योत दिसत नसेल, तर पुढचं काम थांबवा. याबाबत साहेबांनी घाई केली तरी ऐकू नका.

साइझिंगनंतर (भट्टीतून आलेला बुश पुन्हा दाबून नेमक्या मापात आणल्यावर) बुश व्हॅक्यूममध्ये ठेवून तेल भरतात. तपासणीला वजनकाटा पुरतो. कोरडा बुश २०.०० ग्रॅम, तेल भरल्यावर २०.५५, पाण्यात १७.४३ भरला, तर आकारमान ३.१२ घनसेंटिमीटर. तेलाची घनता ०.८८ धरली तर ०.५५ ग्रॅम तेल म्हणजे ०.६२५ घनसेंटिमीटर, म्हणजे वीस टक्के तेल. बरोबर! अठरापेक्षा कमी आलं तर पीस जास्त दाबला गेला, किंवा साइझिंगमध्ये छिद्रं लिंपली गेली.

आपल्याकडे दुरुस्तीवाले नवा बुश पेट्रोलमध्ये धुतात किंवा आतून रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) फिरवतात. धुतल्याने तेल निघून जातं आणि रीमरने छिद्रं बंद होतात. बसवताना घट्ट मापाची गुळगुळीत मँड्रेल (आधाराची दांडी) आत घालून सरळ दाबावा.