तेम्पुरासाठी तेन्त्सुयू घरी कशी करावी

तेम्पुराबरोबर, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेल्या जपानी भाज्या-माशांबरोबर, छोट्या वाटीत बुडवून खायला येते ती पातळ, तपकिरी तेन्त्सुयू म्हणजे पाणी घातलेला सोया सॉस नव्हे. त्यात सगळ्यात जास्त असते दाशी, म्हणजे समुद्री शैवाल आणि सुकवलेल्या माशाचा अर्क. प्रमाण सोपं आहे: दाशी ४ भाग, मिरिन (स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोड जपानी दारू) १, सोया सॉस १. दाशी जमली की तेन्त्सुयू जमली.

चार जणांसाठी ५०० मिली पाणी, ५ ग्रॅम कोम्बू (जाड, वाळलेलं शैवाल) आणि मूठभर, साधारण १२ ग्रॅम कात्सुओबुशी घ्या. कात्सुओबुशी म्हणजे सुकवून धुरावलेल्या बोनिटो माशाचे कागदासारखे पातळ काप. कोम्बूवरची पांढरी पूड धुऊ नका, तिच्यातही चव असते. ओलसर फडक्यानं हलकं पुसून तो अर्धा तास पाण्यात भिजू द्या. याच कोम्बूच्या चवीचा शोध घेताना १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांना ग्लुटामेट सापडलं आणि त्या चवीला त्यांनी 'उमामी' हे नाव दिलं.

आता भांडं मंद आचेवर ठेवा. तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागले की कोम्बू लगेच काढा. तो उकळला तर दाशी बुळबुळीत होते आणि उग्र वास येतो. मग पाण्याला उकळी आणा, गॅस बंद करा आणि कात्सुओबुशी घाला. काप आधी वर तरंगतात, मग भिजून हळूहळू खाली बसतात. दोन मिनिटांत मलमलच्या फडक्यातून गाळा. फडकं पिळायचा मोह होईल, पण पिळू नका, दाशी गढूळ आणि कडवट होते. नीट जमलेली दाशी कोऱ्या फिक्या चहासारखी सोनेरी आणि नितळ दिसते.

दुसऱ्या पातेल्यात १०० मिली मिरिन मिनिटभर उकळा, म्हणजे त्यातला मद्यार्क उडून जातो. त्यात १०० मिली जपानी सोया सॉस आणि ४०० मिली दाशी घाला. एक उकळी आली की झालं. दाट, काळा चिनी 'डार्क सोया' इथे वापरू नका, त्यानं सगळा नाजूकपणा जातो. मासे खात नसाल तर कात्सुओबुशीऐवजी दोन-तीन सुके शिताके मशरूम कोम्बूबरोबरच थंड पाण्यात टाका आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा.

मुळ्याशिवाय मात्र ही वाटी अपुरी आहे. जपानी दाइकोन सौम्य असतो, आपला मुळा बहुधा तिखट. म्हणून पानांकडचा, गोडसर भाग घ्या, बारीक किसा आणि पाणी अगदी हलकं काढा. कोरडा चोथा करू नका. वर चिमूटभर किसलेलं आलं ठेवा. तळणाचा तेलकटपणा हा कीसच कापतो.

तेम्पुराच्या तळण्याची पद्धत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर जपानला गेली असं मानतात. जपानला जाणारी त्यांची जहाजं गोव्याहूनच निघत. पुढे एदो शहरातल्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, रस्त्यांवरच्या गाड्यांवर काडीला लावलेला तेम्पुरा सॉसमध्ये बुडवून लोक उभ्याउभ्याच खात.

तेन्त्सुयू कोमट वाढा. मुळ्याचा कीस खाताना त्यात मिसळा. तेम्पुराचं फक्त टोक बुडवून लगेच तोंडात टाका, कारण वाटीत राहिलेलं आवरण क्षणात मऊ पडतं. उरलेली तेन्त्सुयू बंद बरणीत फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. काढलेला कोम्बूही फेकू नका, बारीक चिरून सोया सॉस आणि साखरेत आटवला की गरम भाताशी छान लागतो.