आधी व्याज वर्षाचं करून लिहा

घरातलं कुणी कर्जात अडकलं असेल तर बोल लावू नका, सोबत वही घेऊन बसा. बँक, सोसायटी, बचत गट, कृषी केंद्राची उधारी, सावकार, सगळं एकाच पानावर येऊ द्या. सावकाराचा आकडा बहुधा शेवटी निघतो, धीर धरा. "शेकडा तीन" ऐकायला हलकं वाटतं, पण ते महिन्याचं असतं, वर्षाला 36 टक्के होतात! म्हणून सोयाबीन विकून आलेल्या पैशातून किराणा, दवाखाना, फी आणि रब्बीचं बियाणं बाजूला काढा. उरलेलं आधी सावकाराकडे भरा, पावती घ्या. पीककर्जाची तारीख मात्र चुकवू नका, व्याजाची सवलत जाते. घरखर्च महिन्याचा न मांडता सोयाबीनचे पैसे आल्यापासून तुरीचे येईपर्यंत, असा मांडा.