रिकाम्या कॅनवर उभं राहून बकलिंग कसं बघायचं

कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन मुठीत दाबला की लगेच चेपतो, पण तोच उभा ठेवला तर त्यावर अख्खा माणूस उभा राहतो, आणि मग बाजूने नुसती पेन्सिल लागली तरी क्षणात भुईसपाट! दाबाखाली पत्रा असा अचानक वाकून बसतो, यालाच बकलिंग म्हणतात. पातळ पत्र्याचा सिलिंडर काय चीज आहे ते यातून थेट पायाला कळतं, म्हणून एकदा तरी करून बघाच.

पहिली स्टेप कॅन निवडायची, आणि सगळं इथेच ठरतं. नेहमीचा ६६ मिमी व्यासाचा ॲल्युमिनियमचा कॅन घ्या, ट्यूबलाइटखाली तिरका धरून हळूहळू फिरवा, पत्र्यावरची उजेडाची रेघ जिथे वाकडी होते तिथे पोचा आहे समजा, मग बोटाने चाचपून खात्री करा. मी पहिल्यांदा बॅगेत टाकून आणलेला कॅन वापरला होता, नखाएवढा पोचा होता, म्हटलं एवढ्याने काय होतंय, तर अर्धं वजन टाकायच्या आतच तो बसला.

आता थोडा हिशोब. भिंत साधारण ०.१ मिमी जाड धरा. पुस्तकी सूत्र म्हणतं की बकलिंगचा स्ट्रेस (पत्रा बसतो तेव्हा त्याच्या दर चौरस मिमीवर असलेला जोर) म्हणजे ०.६०५ गुणिले यंग्ज मोड्युलस (धातू किती ताठ आहे त्याचा आकडा) गुणिले जाडी भागिले त्रिज्या, त्यात ॲल्युमिनियमचे ७०,००० मेगापास्कल टाकले की १२८ मेगापास्कल येतात, म्हणजे जवळजवळ २७० किलो वजन. पण हे एकदम निर्दोष सिलिंडरचं, तसा कुणाकडेच नसतो. नासाने १९६० च्या दशकात खऱ्या टेस्टवरून एक खालची मर्यादा काढून दिली, ती आपल्या कॅनला लावली तर फक्त ३९ टक्के उरतात, म्हणजे १०५ किलोच्या आसपास. धातू तोच, जाडी तीच, बाकीचं सगळं आकारातल्या बारीक खोटीने खाल्लं.

कॅन सपाट फरशीवर ठेवा, बूट घाला, भिंतीला हात लावून एक पाय बरोबर मधोमध ठेवा आणि हळूहळू सगळं वजन द्या, झटका नको. वजन ७० किलोच्या पुढे असेल तर घरातल्या हलक्या माणसाला उभं करा. मग दुसऱ्याने दोन लांब पेन्सिलींनी दोन्ही बाजूंनी मधोमध एकदम हलकंसं टोचायचं, बोटं अजिबात घालायची नाहीत, कॅन इतका पटकन बसतो की हात काढायला वेळच मिळत नाही.

चेपलेला कॅन टाकू नका, नीट बघा. पत्र्यावर बऱ्याचदा शंकरपाळ्यांसारख्या घड्या दिसतात. सरळ भिंत वजन पत्र्याच्या रेषेतच खाली नेते आणि त्यात ती दणकट असते, पोच्यापाशी तेच वजन रेषेबाहेर पडून पत्रा वाकवायला लागतं, आणि एवढा पातळ पत्रा वाकायला कितीसा विरोध करणार? शिवाय एकदा घडी पडली की पुढे कमी वजनही पुरतं, म्हणून मधे कुठेच थांबत नाही. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या कॉइटर या इंजिनिअरने १९४५ च्या प्रबंधात हेच गणिताने मांडलं, भिंतीच्या जाडीपेक्षाही लहान खोट ताकद किती खाली आणते ते, मला तर हे काम फार मोठं वाटतं.

शेवटी एक सीलबंद भरलेला कॅन घ्या, उभं राहू नका, नुसता अंगठ्याने दाबून बघा. आतल्या गॅसच्या प्रेशरने भिंत ताणलेली असते, पोचा पडायलाच तयार होत नाही. अमेरिकेच्या ॲटलास रॉकेटच्या स्टीलच्या टाक्या इतक्या पातळ होत्या की त्या अशाच प्रेशरवर उभ्या असायच्या, आणि मे १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डेनबर्ग तळावर प्रेशर गेल्यावर एक ॲटलास लाँचपॅडवर उभ्या उभ्याच कोसळलं.