हलक्या मोटरची माउंटन ई-बाइक: नागपूरकरांनो, या चुका टाळा

हलक्या मोटरच्या माउंटन ई-बाइकबद्दल नेहमी ऐकू येणारी तक्रार एकच: "चढावर ओढतच नाही." बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते, चुकलेला असतो तो गिअर. सेमिनरी हिल्सच्या चढावर पाच मिनिटं उभं राहून पाहा. मागे छोटी चक्री, पाय जड पडताहेत, चेन कुरकुरतेय आणि चालवणारा बटण दाबून मदतीची पातळी वाढवतोय. पातळी वाढवून फारसं काही होत नाही. पाय भरभर फिरले तरच या मोटरी खुलतात.

फक्त न्यूटन मीटर पाहून मोटर निवडणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात. मोटरची ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याची गती, त्यामुळे एकटा टॉर्कचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. तीन हलक्या मोटरी पाहा. टीक्यू एचपीआर ५० चा टॉर्क ५० न्यूटन मीटर आणि कमाल ताकद ३०० वॅट. फाझुआ राइड ६० चे हेच आकडे ६० आणि ४५०. बॉशची परफॉर्मन्स लाइन एसएक्स २०२३ मध्ये आली, ती ५५ न्यूटन मीटर आणि ६०० वॅट घेऊन. तिन्हींचं वजन दोन किलोच्या आसपास. कागदावर बॉश सरळसरळ पुढे दिसते.

आता पायडलची गती धरून हिशेब करा. मिनिटाला ६० फेऱ्या मारणाऱ्याला बॉशकडून जास्तीत जास्त ३४५ वॅट मिळू शकतात, फाझुआकडून ३७७, टीक्यूकडून पूर्ण ३००. म्हणजे सावकाश पायडल मारणाऱ्यासाठी तिघींत फारसं अंतर उरत नाही, उलट फाझुआच थोडी पुढे. तोच माणूस ९० फेऱ्यांवर गेला की बॉश ५१८ पर्यंत पोचू शकते, फाझुआ ४५० वर थांबते आणि टीक्यू ३०० वरच. बॉशचे पूर्ण ६०० वॅट हवे असतील तर किमान १०४ फेऱ्या लागतात, आणि दगडगोट्यांच्या वाटेवर इतक्या फेऱ्या मारणं सगळ्यांना जमत नाही. हे आकडे म्हणजे वरची मर्यादा. प्रत्यक्षात मोटर किती देते, ते तुम्ही पायडलवर किती जोर लावता त्यावरही ठरतं.

म्हणून दुकानात जाण्याआधी स्वतःच्या साध्या सायकलवर एक मिनिट फेऱ्या मोजा. ५५-६० वर रमणाऱ्याला टीक्यूचा शांत, एकसारखा ओढा आवडेल. तिच्या हार्मोनिक पिन-रिंग गिअरिंगमुळे आवाजही खूप कमी येतो. भरभर पाय चालवणाऱ्याने बॉश नक्की चालवून पाहावी. आणि पायांना त्रासच नको असेल, तर बॉशच्या सीएक्ससारखी ८५ न्यूटन मीटर किंवा त्याहून जास्त टॉर्कची, तीन किलोच्या घरातली मोटर घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही. २०२४ मध्ये ड्रोन बनवणाऱ्या डीजेआयने अविनॉक्स ही मोटर आणली, अडीच किलोत १०५ न्यूटन मीटर. त्यामुळे हलकी कोणती आणि दमदार कोणती, ही रेषाच आता पुसट झाली आहे.

"चढावर ओढत नाही" या तक्रारीचा उपाय साधा आहे: चढ सुरू व्हायच्या आधीच मागची मोठी चक्री लावा. चढात शिरल्यावर जोर लावून गिअर बदलला की चेन आणि कॅसेट (मागच्या चक्र्यांचा संच) दोन्ही लवकर झिजतात.

नवतप्यात बॅटरी चार्ज करणं

आपल्याकडे ही चूक फारच सहज होते. बॉश आपल्या बॅटऱ्या चार्ज करायला ० ते ४० अंशांची मर्यादा देते. मे महिन्यात नागपूरचा पारा अनेकदा ४५ च्या आसपास जातो, आणि टिनाच्या शेडखाली किंवा गच्चीवरच्या खोलीत त्याहून जास्त. अशा वेळी चार्जरचा दिवा लागूनही चार्जिंग पुढे सरकत नसेल, तर चार्जरला दोष देऊ नका. बॅटरी स्वतःला जपतेय. दुपारी फिरून आल्यावर ती घरातल्या गार खोलीत ठेवा, तासाभराने किंवा रात्री चार्जिंगला लावा. मात्र कूलरच्या ओल्या झोतासमोर नको.

पावसाळ्यात सायकल दोन महिने उभी राहणार असेल, तर बॅटरी ३० ते ६० टक्क्यांवर ठेवा. पूर्ण भरून किंवा पूर्ण संपवून ठेवू नका.

उन्हात मोटरही तापते. हलक्या मोटरीत उष्णता सामावून घ्यायला धातू कमी, त्यामुळे जड गिअरवर रेटत नेलं की काही वेळाने ती आपणहून मदत कमी करते. इथेही औषध तेच, हलका गिअर.

मदत मध्येच तुटते

आधी वेग पाहा. ताशी २५ किलोमीटरला मदत थांबणं हा बिघाड नाही, नियम आहे. वर्धा रोडसारख्या सपाट रस्त्यावर हा वेग चटकन येतो.

वेग कमी असूनही तुटत असेल, तर मागच्या चाकाकडे वळा. वेग मोजणारं छोटं चुंबक स्पोकवर, व्हॉल्व्हवर किंवा ब्रेक डिस्कजवळ असतं. पहिल्या पावसानंतर हिंगण्याकडच्या शेतवाटेवरून आलात की काळी माती टायर आणि फ्रेममध्ये गच्च बसते, सुकली की विटेसारखी होते. ती चुंबकाला बाजूला ढकलते. ओल्या फडक्याने आणि ब्रशने माती काढा, चुंबक सेन्सरसमोर आणून बसवा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा मोटरवर आणि बेअरिंगवर कधीच मारू नका.

सायकल चालू करताना पाय पायडलवर असेल, तर जोर मोजणाऱ्या सेन्सरची सुरुवातच चुकते. शिमानोच्या मोटरवर तेव्हा डब्ल्यू ०१३ असा इशारा येतो. बंद करा, पाय खाली टेकवा, पुन्हा चालू करा.

चिखलदऱ्याला निघताना बॅटरीचा हिशेब न करणं

माणूस आणि सायकल मिळून १०० किलो धरले, तर दर १०० मीटर उंचीला २७ वॅट-तास (बॅटरीतली ऊर्जा मोजायचं एकक) लागतात. परतवाड्याहून चिखलदऱ्यापर्यंत सातशे मीटरहून जास्त चढायचं आहे, म्हणजे नुसत्या उंचीचे दोनशेच्या आसपास. ते तुम्ही आणि मोटर वाटून घेता, पण रस्त्याचं घर्षण आणि मोटरमधली तूट वेगळी. टीक्यूची बॅटरी ३६०, बॉशची ४००, फाझुआची ४३० वॅट-तासांची. घाटात पूर्ण मदत लावून ठेवली, तर वर पोचल्यावर भटकायला फार काही उरत नाही. खालची पातळी लावा.

परदेशातून आणायची घाई

जर्मनीतला भाऊ सुट्टीवर येताना सायकल घेऊन येईल, हा बेत बॅटरीपाशी अडतो. प्रवासी विमानात १६० वॅट-तासांवरची लिथियम बॅटरी नेता येत नाही. टीक्यूची जोडबॅटरी, म्हणजे मुख्य बॅटरीसोबत लावायची जादा बॅटरी, नेमकी १६० ची, तीही विमान कंपनीच्या परवानगीने. मुख्य बॅटरी कुठलीच या मर्यादेत बसत नाही. अमेरिकेतून आणलेल्या सायकलीची मदत ताशी ३२ किलोमीटरपर्यंत चालू राहते आणि आपल्याकडे नोंदणीतून सूट आहे ती २५ च्या आतल्यांना. शिवाय या मोटरी कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय तपासता येत नाहीत. ते सॉफ्टवेअर असलेला मेकॅनिक नागपुरात आहे का, नसेल तर मोटर कुठे पाठवावी लागेल आणि तोवर सायकल किती दिवस उभी राहील, हे पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून लेखी घ्या.