पोच घेतलीत का? ऑफिसात भेदभाव होत असेल तर करायची तयारी

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला भाचीचा फोन आला. ती इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या एका ऑफिसात आहे, गरोदर आहे, चौथा महिना लागलाय. ही बातमी दिली त्याच्या पंधरा दिवसांत तिच्याकडचं काम काढून एका नव्या मुलाला दिलं आणि वर "तू आता आराम कर" म्हणून गोड बोलले. "मावशी, एचआरला सांगून आलेय मी, बघतो म्हणालेत." मी विचारलं, सांगून आलीस की लिहून देऊन आलीस? लिहून दिलं असशील तर पोच घेतलीस का? पलीकडे शांतता. ती शांतता मला चांगली ठाऊक आहे, म्हणून हे लिहायला बसले.

2018 मध्ये मी पीथमपूरच्या एका औषध कंपनीत क्वालिटी विभागात होते. सहा वर्षं झाली होती. बाळंतपणाच्या रजेवर असताना "पुनर्रचने"चं पत्र घरी आलं आणि नोकरी गेली. त्याआधी मी तीनदा तक्रार केली होती. दोनदा तोंडी. तिसऱ्यांदा दोन पानी अर्ज हिंदीत लिहून एचआरच्या साहेबांच्या हातात दिला, कँटीनबाहेर, उभ्या-उभ्याच. "मैडम, टेन्शन मत लो, हम देख लेंगे." सुनावणीत कंपनीने सांगितलं की असा कुठलाही अर्ज आमच्याकडे आलेला नाही. माझ्याकडे अर्जाची झेरॉक्स होती, पण तिच्यावर शिक्का नव्हता, सही नव्हती, तारीख नव्हती. त्या कागदाकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलंही नाही.

म्हणून तयारीतली सगळ्यात मोठी गोष्ट आधीच सांगते. जे द्याल ते लेखी द्या आणि पोच घ्या. दोन प्रती काढा. एक त्यांना द्या. दुसरीवर घेणाऱ्याचं नाव, सही, तारीख आणि कंपनीचा शिक्का घेऊनच टेबलावरून उठा. "ठेवून जा, नंतर देतो" म्हणाले तर ठेवून येऊ नका. सही द्यायला नकार दिला तर भांडत बसू नका, त्याच दिवशी तोच मजकूर स्वतःच्या खासगी ईमेलवरून एचआरला आणि वरच्या साहेबांना पाठवा. दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टाने कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर धाडा. हा पत्ता नेमणूकपत्राच्या तळाशी असतो आणि बरेचदा तो कारखान्याचा नसून मुंबईचा किंवा अहमदाबादचा निघतो. पोस्टाची पावती फाइलला लावा. पोहोचल्याची नोंद साइटवर दिसते तेव्हाच तिचा प्रिंट काढून ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी सापडेल या भरवशावर राहू नका. पाकीट "लेने से इनकार" असा शेरा मारून परत आलं तर ते उघडू नका. बंद पाकीट, वरचा शेरा, पोस्टाचा शिक्का: ही सुद्धा पोचच आहे आणि कोर्टात चालते. व्हॉट्सअॅपच्या निळ्या खुणांवर मात्र विसंबू नका.

आता बाकीचं. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, वाढीची पत्रं, वार्षिक मूल्यमापन, मंजूर झालेल्या रजा, हे सगळं घरी असायला हवं. ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवलंत तर ज्या दिवशी लॉगिन बंद होईल त्या दिवशी सगळं गेलं. फक्त स्वतःचेच कागद घ्या. कंपनीच्या फाइली, ग्राहकांची माहिती, दुसऱ्याचा पगार दाखवणारी शीट खासगी मेलवर धाडलीत, तर उद्या तोच तुमच्यावरचा आरोप होतो आणि मूळ तक्रार बाजूला पडते.

एक साधी वही करा. कोण, काय, कुठे, किती वाजता बोललं, तिथे आणखी कोण होतं, हे त्याच रात्री लिहा. बोलले ते शब्द जसेच्या तसे, हिंदीत बोलले तर हिंदीत. "मला वाईट वागवतात" या वाक्याला वजन नसतं. "12 तारखेला मीटिंगमध्ये म्हणाले की आता तुझं लक्ष बाळात राहणार, टीम दुसऱ्याला देऊ" याला असतं. तुमच्याइतकाच अनुभव असलेल्या, तेच काम करणाऱ्या दुसऱ्याला काय मिळालं तेही लिहा, कारण भेदभाव बरेचदा तुलनेतूनच दिसतो. आवाज रेकॉर्ड केला असेल तर मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ यंत्र हाताशी असलं की शंकेला जागा उरत नाही.

पुढचं नीट वाचा, कारण इथे बहुतेकांची फसगत होते. खासगी कंपनीतल्या सगळ्या प्रकारच्या भेदभावाला पुरेल असा एकच कायदा आपल्याकडे नाही. राज्यघटनेतले 14, 15 आणि 16 हे अनुच्छेद मुख्यतः सरकारला बांधतात. सरकारी नोकरी असेल तर त्यांच्या बळावर हायकोर्टात रिट याचिका करता येते, इंदूरचं खंडपीठ एमजी रोडवरच आहे. खासगी नोकरीत मात्र आपला त्रास कुठल्या कायद्याच्या दारात बसतो ते आधी ठरवायचं. दार चुकलं की सहा महिने फुकट जातात.

बाळंतपणाचं दार मी पाहिलेलं आहे, म्हणून त्यावर जास्त लिहिते. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 मध्ये सुधारणा होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आली. अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असलं की हा हक्क मिळतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण गाभा तोच आहे. रजेवर असताना काढून टाकणं किंवा नोकरीच्या अटी तुमच्या तोट्याच्या करणं बेकायदा आहे. गरोदरपणी काढलं तरी मातृत्वाचा लाभ बुडत नाही, गंभीर गैरवर्तनाचा अपवाद सोडला तर. अपिलाला मुदत 60 दिवसांची, पत्र तुम्हाला मिळालं तिथपासून. माझे 60 दिवस "हम देख लेंगे"ची वाट बघण्यात गेले. तेही दर आठवड्याला फोनवर "बस, अगले हफ्ते" म्हणत राहिले आणि मी मांडीवर बाळ घेऊन ते खरं मानत राहिले. पत्र आलं त्या दिवशीच कॅलेंडरवर साठावा दिवस लाल पेनाने मांडून ठेवा. पाकीटही फेकू नका, पत्र केव्हा मिळालं ते त्यावरच्या शिक्क्यावरून कळतं.

गरोदर असल्याची सूचना सुद्धा लेखी द्या, आणि पोच घ्या. मी साहेबांच्या केबिनमध्ये पेढे देऊन सांगितलं होतं. नंतर कंपनी म्हणाली, आम्हाला याची कल्पनाच नव्हती. रजा कधीपासून, प्रसूतीची अपेक्षित तारीख कोणती, पैसे कुणाच्या नावे, एवढं एका कागदावर लिहून डॉक्टरचा दाखला जोडायचा. महिन्याचा पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर मातृत्वाचे पैसे कंपनीकडून नव्हे, ईएसआयकडून येतात. त्यासाठी नंदानगरच्या कार्यालयात चौकशी करा.

भाचीचं प्रकरण आज तरी कच्चं आहे. पगार तोच आहे, फक्त काम काढून घेतलंय. एवढ्यावर कुणी तिला निकाल देणार नाही. पण उद्या काढून टाकलं तर आजचा शिक्का मारलेला अर्जच सांगेल की सुरुवात कुठून झाली. तिला मी दुसऱ्या दिवशी दोन प्रती घेऊन पाठवलं.

लैंगिक छळाचं दार वेगळं, 2013 च्या कायद्याचं. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. तक्रार घटनेपासून 3 महिन्यांत, घटना एकामागून एक असतील तर शेवटच्या घटनेपासून. सबळ कारण असेल तर समिती आणखी 3 महिने वाढवू शकते. तक्रारीच्या 6 प्रती लागतात. सातवी तुमची, तिच्यावर पोच. चौकशी 90 दिवसांत संपायला हवी. चौकशी चालू असेपर्यंत बदली किंवा 3 महिन्यांपर्यंतची रजा मागता येते, ती तुमच्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही, हे मागायला बायका विसरतात. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. इंदूरचं कलेक्टर ऑफिस मोती तबेल्याला आहे. पण पीथमपूर धार जिल्ह्यात येतं. घर इंदूरच्या सुदामानगरात आणि कारखाना पीथमपुरात असेल तर तुमची समिती धारची. मी स्वतः कामगार खात्याच्या बाबतीत आधी इंदूरला खेटे घातले, कारण राज्याच्या श्रम आयुक्तांचं कार्यालय इंदूरात आहे म्हणून मला वाटलं इथेच होईल. तीन आठवडे गेले.

समान कामाला कमी पगार मिळत असेल तर 1976 च्या कायद्याची जागा आता वेतन संहितेने घेतली आहे, दाव्याला मुदत 3 वर्षं. जातीवरून अपमान किंवा छळ होत असेल आणि तुम्ही अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. आपल्याकडे मध्य प्रदेशात त्यासाठी अजाक थाना, म्हणजे वेगळं पोलीस ठाणं असतं. जातिवाचक अपमानाच्या गुन्ह्यात तो लोकांच्या देखत झाला का हे पाहिलं जातं, म्हणून तिथे कोण उभं होतं त्यांची नावं वहीत हवीतच. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका, ती तुमची पोच आहे. अपंगत्वावरून होत असेल तर 2016 चा कायदा पाहा. त्याखाली प्रत्येक आस्थापनेला, खासगीला सुद्धा, समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. ते धोरण लेखी मागा.

सह्यांबद्दल एक. "राजीनामा दे, अनुभवाचं पत्र चांगलं देऊ" म्हणतील. खोलीत तीन माणसं बसवून, दार लावून म्हणतील. देऊ नका. "घरी विचारून सांगते" एवढं म्हणून उठा. राजीनामा एकदा दिला की काढून टाकल्याची तक्रार उभी करणं फार अवघड होतं. हिशेबाच्या कागदावर "अब कोई बकाया नहीं" छापलेलं असेल तर सहीशेजारी स्वतःच्या हाताने "आपत्ति सहित" (म्हणजे हरकत नोंदवून) लिहा आणि त्या कागदाची प्रत मागा.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. 1987 च्या कायद्याने बाईला, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांनाही. जिल्हा कोर्टातल्या विधिक सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा 15100 ला फोन करा. हे मला चौथ्या महिन्यात कळलं, तोवर मंगळसूत्र सोडून बाकी दागिने मोडले होते. वकिलाकडे जाताना तारखांचं एक पान करून न्या, म्हणजे पहिली भेट गोष्ट सांगण्यातच संपणार नाही.

पुढची पायरी, थोडक्यात. कामगार खात्यात समेटासाठी अर्ज. तिथल्या आवक शाखेत नंबर पडतो, इथल्या सरकारी हिंदीत त्याला पावतीच म्हणतात, ती घ्या. हालचाल झाली नाही तर त्या नंबरावर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, उत्तर 30 दिवसांत. 45 दिवसांत समेट नाही झाला तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येतं. पूर्वी नोकरी गेल्यापासून 3 वर्षं मिळायची, आता 2 धरून चाला. तुम्ही "कामगार" आहात की व्यवस्थापक हा वाद कंपनी काढेलच. पदाचं नाव काय होतं त्यापेक्षा रोज काय काम करत होतात ते बघितलं जातं, म्हणून रोजच्या कामाचं टिपण ठेवा. तारखा पडतील. प्रत्येक तारखेला जा.

मला शेवटी थकलेला पगार आणि ग्रॅच्युइटी मिळाली, नोकरी मिळाली नाही.

काल संध्याकाळी भाचीने फोटो पाठवला. तिच्या अर्जाची दुसरी प्रत होती, खाली निळा गोल शिक्का, त्यावर तिरकी सही. तारीख घालायला ते विसरले होते. मी तिला म्हटलं, उद्या सकाळी परत जा आणि तारीख घालून आण.