जुन्या अलार्मने अडवलेली गाडी

वडिलांची २००३ ची मारुती ८०० परवा सकाळी सुरूच होईना. दिवे लख्ख, हॉर्न दणदणीत, पण चावी फिरवली की स्टार्टर गप्प. म्हणजे बॅटरी ठीक. अलार्मच्या रिमोटचा सेल बदलला, तरी तेच.

मग डॅशबोर्डखाली वाकलो. नंतर बसवलेल्या अलार्मसाठी इग्निशन स्विचकडून स्टार्टरला जाणारी वायर कापून मध्ये रिले, म्हणजे अलार्मच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा विजेचा स्विच, घातला होता, जोड नुसते पिळून टेप गुंडाळलेले! गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मुलीला चावी फिरवायला लावली आणि मल्टिमीटर धरला. रिलेच्या अलीकडे १२ व्होल्ट, पलीकडे शून्य. म्हणजे वीज रिलेतच अडत होती.

बॅटरीची निगेटिव्ह काढली, रिले वगळून तेवढ्याच जाडीच्या वायरने मूळ जोड सोल्डर केला, वर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवली. पहिल्याच चावीला इंजिन सुरू. वडील गॅलरीतून बघत होते, त्यांचा चेहरा खुलला. चोरीची धास्ती आहेच, म्हणून स्टीअरिंगला कुलूप आणलंय.