केळीच्या खोक्यात गेलेला थोरेन्स

नागपूरच्या ग्राहकाने पार्सल उघडून फोटो पाठवला आणि माझ्या पोटात गोळा आला. थोरेन्स टीडी 160, म्हणजे जुना रेकॉर्ड प्लेअर, तोही जळगावहून थर्माकोलमध्ये गच्च आवळून पाठवलेला. पण प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची थाळी, जागेवरच ठेवलं होतं! तीन किलोंची ती जड धातूची थाळी आत उसळत गेली, टोनआर्मवर, म्हणजे सुईच्या दांड्यावर आदळली. बेअरिंग वाकडं, सुई गायब. पैसे परत केले, दुसरं करणार काय?

या यंत्राचा आतला सांगाडा तीन स्प्रिंगांवर तरंगतो. घरी तेच त्याचं सुख, ट्रकमध्ये तोच घात. वाहतुकीचे मूळ स्क्रू तर केव्हाच हरवलेले.

पुढच्या वेळी आतली आणि बाहेरची अशा दोन्ही थाळ्या आणि त्यांना फिरवणारा पट्टा काढला, थाळ्या वेगळ्या खोक्यात भरल्या. टोनआर्म त्याच्या टेकूला मऊ पट्टीने बांधला, मागचं वजन उतरवलं, सुई बसवलेली कार्ट्रिज काढून डबीत ठेवली. सांगाडा हलू नये म्हणून खाली फोमचे तुकडे ठोसले.

खोकं मात्र रावेरचं! एक्स्पोर्टच्या केळीचं जाड पुठ्ठ्याचं खोकं लहान पडलं, म्हणून दोन कापून एक केलं. ते आणखी मोठ्या खोक्यात, चारी बाजूंनी चार बोटं फोम. ‘नाजूक’ची चिठ्ठीही लावली, पण ती वाचतं कोण? खोकं हलवून कान लावला. आतून टिकही नाही.

ग्राहकाचा निरोप आला, “भाऊ, सुई लावली, वाजतोय. पण खोक्याला केळीचा वास येतोय.”